दस्तगीर मिस्त्री आणि दोरीच्या गाठी

दस्तगीर मिस्त्रीला पोहता येत नव्हतं. म्हणजे बुडायचा नाही, पण पोहणं म्हणावं असं काही नव्हतं ते. हात कुठं, पाय कुठं, मान ताठ वर, ओढ्यातून कोंबडी चालली आहे असं वाटायचं. मी घोड नदीच्या काठचा, श्रीगोंद्याकडचा. चालायच्या आधी मला पोहता यायला लागलं असं आई सांगायची. पंचक्रोशीत कुणाच्या विहिरीत बादली पडली, पंपाचा फुटवॉल अडकला, की मला बोलावणं यायचं. एका दमात तळ गाठून वर यायचो. आणि त्या मला, परमुलखात, मस्कतच्या समुद्रात, पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवलं ते या माणसानं. ही गोष्ट मी पन्नास वर्षं गावात सांगत आलो. पण अर्धीच सांगत आलो. मी किती खोल गेलो तेवढीच.

बांगलादेशाची लढाई व्हायच्या आधीचं वर्ष होतं. बंदराच्या कामाला माणसं पाहिजेत म्हणून मुंबईहून बोटीनं आमची टोळी गेली. मी दगडाच्या कामावर होतो. पहिल्याच दिवशी पाण्याच्या टँकरपाशी रांगेत उभा होतो, तर पुढचा माणूस वळला. काळा, किडकिडीत, डोक्याला रुमाल, वय माझ्याहून सात-आठ वर्षांनी जास्त.

"कुठला रं?"

"श्रीगोंद्याकडचा."

"गाव कंचं?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्यानं डोळे बारीक केले.

"तुमच्याकडं मळ्यात पाच परसाला पानी लागतंय. गावठानात साडेसहा. देवळामागच्या हिरीचं मचूळ हाय. अजून तसंच हाय का?"

परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. आमच्याकडं विहिरीची खोली त्यातच मोजतात. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. "तुमी आलता आमच्याकडं?"

"इंजन बशिवलंय मी तितं. तुमचा सरपंच च्या पाजतो पन साखर विसरतो."

हा दस्तगीर मिस्त्री. जामखेडच्या बाजूचा. नगर जिल्ह्यातल्या निम्म्या विहिरींची खोली त्याला पाठ होती, कारण निम्म्या विहिरींवरची ऑइल इंजिनं त्यानं बसवली होती. नवा माणूस भेटला की आधी विहीर विचारायची, मग नाव. केरळच्या लोकांनाही विचारायचा. त्यांनी हातानं दाखवलं की आमच्याकडं पाणी इथं गुडघ्याएवढ्यावर लागतं, तर त्याला ते खरं वाटायचं नाही. "थापा मारत्यात," म्हणायचा. "तसं असतं तर ह्ये इतं कामून आले असते?"

दिवसभर समुद्रात असलेला हा माणूस अंघोळ मात्र एका तांब्यात उरकायचा. अर्धा तांब्या डोक्यावर, अर्धा अंगावर. मी बादली भरून घेतली की बादलीकडं बघायचा, माझ्याकडं बघायचा. मला त्याचा राग यायचा.

तो पाणबुड्या झाला त्याची गोष्ट त्यानंच सांगितली. आधी तो टाक्यांमध्ये हवा भरायच्या यंत्रावर होता. एक ग्रीक म्हातारा पाण्याखाली जाऊन काम करायचा. "हवा मी भरायची आन घेऊन जायचा दुसराच," मिस्त्री म्हणाला. "एक वरीस बघितलं. म्हटलं, माझी हवा जाती तरी कुटं, बघून यावं एकदा." म्हाताऱ्याला मराठी येत नव्हती, याला ग्रीक येत नव्हतं. म्हातारा चुकलं की टपली मारायचा. "एकोनीस टपल्यात शिकलो," हे सांगताना त्याला मोठा अभिमान. पुढं म्हातारा आपल्या देशी गेला आणि जामखेडचा मिस्त्री बंदराचा पाणबुड्या झाला.

त्याला जोडीदार पाहिजे होता. साहेबानं सांगितलं होतं, माणूस तू तयार कर. मी विहिरीत बुड्या मारतो हे कळल्यावर तो आपण होऊन माझ्याकडं आला. मला काय, मला वाटलं मीच त्याला चार गोष्टी शिकवीन.

शुक्रवारी काम बंद असायचं. दुपारची नमाज झाली की तो मला धक्क्याच्या आतल्या उथळ पाण्यात न्यायचा. पहिल्या दिवशी डोळ्यांवर लावायची काच हातात दिली आणि म्हणाला, "थुंक त्यात."

"मी न्हाई थुंकायचो."

"थुंकल्याबिगर काचेवर वाफ धरती. दिसायचं न्हाई."

"तुमीच थुंका."

"तुझ्या डोळ्याला माझी थुंकी चालंल?"

मग मी थुंकलो. तो हसला नाही, काच खळखळून माझ्या डोक्याला बांधली, पट्टा दोनदा ओढून बघितला. प्रत्येक गोष्ट दोनदा ओढून बघायची त्याची सवय होती. जेवणाच्या डब्याची कडीसुद्धा.

खरी अडचण पुढं आली. तोंडात नळी धरायची आणि पाण्याखाली बसून श्वास घ्यायचा, सोडायचा. बस, एवढंच. पण मला ते जमेना. पाण्यात डोकं गेलं की माझी छाती आपोआप कुलूप लावायची. आयुष्यभर तेच केलं होतं मी. विहिरीत दम धरायचा असतो, जो जास्त धरील तो मोठा. मी टाकी असून दम धरून बसायचो. तो समोर बसून माझ्या डोक्यावरच्या बुडबुड्यांकडं बघायचा. बुडबुडे नाही आले की कपाळावर टपली.

वर आल्यावर म्हणायचा, "किसनराव, दम कामून धरायलास?"

"सवय हाय."

"मोड ती. खाली दाबाची हवा घ्यायलास तू. ती घेऊन दम धरून वर आलास तर ती फुगंल. छातीत मावायची न्हाई. फुग्यावानी फुटशील. वर येताना सोडत यायचं, सोडत. इसरायचं न्हाई."

"आमी दहा परस हिरीत जातो बिगर टाकीचं."

"तितं वरची हवा घेऊन जातूस. इतं खालची घेऊन यायचंय. लई फरक हाय."

मला फरक कळला होता. माझ्याएवढा कुणाला दम धरता येत नाही, आणि इथं दम धरणाऱ्याला शून्य मार्क, हे मला पटत नव्हतं.

दुसरं म्हणजे दोरी. बोटीवरून एक दोरी तळापर्यंत सोडलेली असायची आणि तिला वरच्या बाजूला तीन गाठी. खोल पाण्यात जास्त वेळ काम केलं की सरळ वर यायचं नाही. एकेका गाठीला धरून थांबायचं आणि मोजायचं. अंगात मुरलेली हवा हळूहळू निघू द्यायची, नाहीतर ती सांध्यात, पाठीच्या कण्यात अडकते. मिस्त्री पहिल्या गाठीला तीनशे मोजायचा, दुसऱ्या गाठीला सहाशे, तिसरीला बाराशे. बोटीवरचे लोक कंटाळून जायचे. वरून दोरी हलवायचे. हा आपला लटकलेला.

मी एकदा विचारलं, "मिस्त्री, एवढं मोजता, भ्या वाटतं का?"

"वाटतं की. रोज वाटतं. म्हनून तर मोजतोय."

जिल्ह्यातल्या एखाद्या गड्यानं असं उघड बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या मनातून तो तेवढा उतरला. आता लिहिताना लाज वाटते, पण उतरला हे खरं.

पाच-सहा महिन्यांत मला बरंच जमायला लागलं. एका शुक्रवारी मी तळाशी बसून शांत श्वास घेत होतो आणि समोरून चांदीच्या पत्र्यासारखा माशांचा थवा गेला. सगळे एकदम वळले, तसा सगळा समुद्र वळल्यासारखा वाटला. मी मिस्त्रीकडं बघितलं. तो माशांकडं बघत नव्हता. माझ्या डोक्यावरच्या बुडबुड्यांकडं बघत होता. नीट येत होते म्हणून त्याचे डोळे काचेमागं हसत होते. वर आल्यावर त्यानं साहेबाला जाऊन सांगितलं, माणूस तयार आहे. मी दुसऱ्याकडून गावी पत्र लिहून घेतलं की मी पाणबुड्या झालो. ते पत्र चावडीवर वाचून दाखवलं म्हणे.

बोटीवर रत्नागिरीकडचा महादू म्हणून एक खलाशी होता. गमत्या माणूस, पण त्याचं बोलणं मला झोंबायचं. एक दिवस सकाळी मी टाकी चढवत होतो आणि तो म्हणाला, "किसन, टाकी बांधून तर माझी म्हातारीपण जाईल रे. तुमच्या देशावरच्या विहिरीत कसे जातात ते दाखव की एकदा."

सगळे हसले. मिस्त्री नव्हता तिथं, तो खाली होता. बारा परस पाण्यात एक काँक्रीटचा ठोकळा बसवताना साखळी अडकली होती आणि सकाळपासून तो दुसऱ्यांदा खाली गेला होता. मला पहार घेऊन त्याच्याकडं जायचं होतं. मी महादूला म्हटलं, "वर येतानी बघ. नळी तोंडात नसंल."

खाली गेलो, पहार दिली, साखळी सोडवायला हात लावला. थोडंच काम होतं. मिस्त्रीनं खूण केली, तू वर जा. मी एक मोठा श्वास भरून घेतला, छाती गच्च केली, नळी तोंडातून काढली आणि त्याला दाखवून सोडून दिली. आणि पायानं तळाला रेटा देऊन वर सुटलो. विहिरीतून सुटायचो तसा.

पुढचं व्हायला फार वेळ लागला नाही. माझा घोटा कुणीतरी धरला. मिस्त्रीनं हातातलं टाकून मला गाठलं होतं. त्यानं माझ्या पोटात कोपर हाणलं, एकदा, परत एकदा. माझ्या तोंडातून हवेचा लोट बाहेर पडला. तरी मी वर ओढतच होतो, आणि तो मला सोडत नव्हता, पोट दाबत माझ्यासंगं वर येत होता. दोरी आमच्या बाजूनं खाली चालली होती. मी पहिली गाठ बघितली. दुसरी बघितली. तिसरी बघितली. त्यानंही बघितल्या असणार.

बोटीवर ओढल्यावर मला खोकला लागला आणि रक्ताची गुळणी आली. मिस्त्रीनं त्या वेळी दुसरी टाकी घेऊन परत खाली जायला पाहिजे होतं. गाठींवर थांबून, मोजून यायला पाहिजे होतं. ते त्याला माहीत होतं. त्याच्याइतकं ते त्या बंदरात कुणाला माहीत नव्हतं. पण तो माझं डोकं मांडीवर घेऊन बसला. "कुटं दुखायलंय? छातीत? बोल की रं, बोल," एवढंच म्हणत होता. शिवी दिली नाही. मी बोलत नाही बघून तो हलला नाही. मला बोलता येत होतं. महादू समोर उभा होता म्हणून मी डोळे मिटून पडून राहिलो.

संध्याकाळी मिस्त्रीच्या कमरेखाली मुंग्या आल्या. सकाळी डावा पाय उचलेना. डॉक्टर म्हणाला, माणूस मावेल अशा दाबाच्या हवेच्या टाकीत ठेवलं तर उतरेल, पण तशी टाकी इथं नाही. मी खाली थोडाच वेळ होतो, दोन दिवसांत बरा झालो.

तिसऱ्या दिवशी साहेब दवाखान्यात आला. सोबत केरळचा कारकून, त्याला हिंदी यायची. मी दाराशी उभा होतो, मला आत बोलावलं नव्हतं, पण सगळं ऐकू येत होतं. साहेबानं विचारलं, तू इतका जुना माणूस, गाठींवर न थांबता वर कसा आलास?

मिस्त्रीनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग हिंदीत म्हणाला, "जल्दी मैंने की. गिनती भूल गया. इस लड़के की नळी छूट गई, उसमें उसकी गलती नहीं."

कारकुनानं ते इंग्रजीत सांगितलं. साहेबानं मान हलवली आणि कागदावर लिहिलं.

दोन पावलं होती दारापासून खाटेपर्यंत. मी खरं बोललो असतो तर मला पहिल्या बोटीनं घरी पाठवलं असतं, बाकी काही नाही. फासावर कुणी चढवणार नव्हतं. पण चावडीवर पत्र वाचलं गेलं होतं. वर्षाच्या आत परत आलेला पाणबुड्या म्हणून गावात फिरायचं, हे माझ्यानं होणार नव्हतं. मी टोपी हातात घेऊन उभा राहिलो. साहेब जाताना माझ्या खांद्यावर थोपटून गेला.

मिस्त्रीला घरी पाठवायला मुंबईच्या बोटीवर चढवताना मीच पाठीवर घेतलं होतं. म्हणाला, "किसनराव, नवा जोडीदार घेशील त्याचे बुडबुडे बघत जा." मी हूं म्हटलं. त्याच्या जागेवर मी दोन वर्षं काम केलं. गाठींवर थांबून, मोजून. एकदाही चुकलो नाही. तो असता तर त्याला बरं वाटलं असतं असं मनात यायचं आणि मग पुढचं मोजायला लागायचो.

त्याला लिहावं असं फार वेळा वाटलं. पण तेव्हा मला सहीपलीकडं लिहायला यायचं नाही, पत्रं आम्ही छावणीतल्या एका मास्तराकडून लिहून घ्यायचो. म्हणजे आधी मास्तरला सांगायचं. तिकडं मिस्त्रीला पत्र दुसराच कुणी वाचून दाखवणार. म्हणजे त्यालाही कळणार. मी सुरुवात करायचो आणि मास्तरला म्हणायचो, लिहा, इकडं सगळं ठीक आहे.

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी रजेवर आलो आणि जामखेडला गेलो. ठरवून गेलो होतो. सांगायचंच म्हणून. फाट्यावर उतरून दीड कोस चालत गेलो. झाडाला पान नव्हतं. मिस्त्री घरापुढं बाजेवर बसला होता, पायापाशी काठी, मांडीवर कुणाचं तरी इंजिनाचं नोझल उघडलेलं. मला बघून उठायला गेला, ते त्याला एकदम जमलं नाही.

"अरं, पाणबुड्या आला," म्हणाला. "बस. तुमच्याकडं हिरीला किती ऱ्हायलंय?"

"तळ दिसतोय."

"आमच्याकडं तळालाबी भेगा पडल्यात."

भाभींनी गुळाचा चहा आणला. त्यांचा भाऊ शफी तिथंच खांबाला टेकून बसला होता. चहाची बशी खाली ठेवून तो मला म्हणाला, "तुमी संगं व्हता न्हवं का? बघितलं का आमचं दाजी? जन्मभर लोकांना शिकवलं, बेतानं करा, मोजून करा. आन सोता केली घाई. आता गावात कुनी इंजन जोडायला देत न्हाई. लोक म्हनत्यात, घाईनं पाय घालवून बसलेला मिस्त्री, ह्याच्या हातात आपलं इंजन कशाला द्यायचं. आसंच किरकोळ काम येतंय."

मिस्त्री नोझल पुसत होता. वर बघितलं नाही.

भाभी दारात उभ्या होत्या. पदर नीट करून म्हणाल्या, "भावजी, मला खरं वाटत न्हाई. चौदा वर्सं झाली लग्नाला, ह्या मानसानं घाईनं पानीबी कधी पिलं न्हाई. ह्ये म्हनत्यात माझीच चूक. तुमी सांगा, तसंच झालं का?"

इतकं सरळ मला कुणी कधी विचारलं नव्हतं. एक शब्द पुरला असता. नाही, एवढाच. मी मिस्त्रीकडं बघितलं. तो आता माझ्याकडं बघत होता. त्याच्या तोंडावर राग नव्हता, विनवणीही नव्हती. वाट बघितल्यासारखं काही होतं का? ते मी पन्नास वर्षं ठरवतो आहे. कधी वाटतं होतं, कधी वाटतं नव्हतं.

मी म्हटलं, "पान्यात काय हुतंय, कुनालाच सांगता येत न्हाई, भाभी."

भाभींनी मान हलवली आणि आत गेल्या. शफी म्हणाला, "बघ, आपा. ह्येबी तेच म्हनत्यात."

मिस्त्रीनं नोझल फडक्यावर ठेवलं. शफीला म्हणाला, "ह्यो गडी बारा परस पान्यात मांडी घालून बसतो. मी शिकवलेला हाय. माझ्यापेक्षा चांगला निघाला." शफीनं माझ्याकडं आदरानं बघितलं. मी तो आदर घेतला आणि उरलेला चहा प्यालो.

निघताना तो फाट्यापर्यंत येतो म्हणाला. मी नको म्हटलं, पण त्यानं काठी उचललीच. शिवारातून पायवाट होती, दोन्ही बाजूला ढेकळं. बरोबर चालायचं म्हणजे बोलावं लागलं असतं. आता कुणी नव्हतं ऐकायला, तो आणि मी. म्हणून मी पाय उचलला. माझी चाल तशी आधीपासून लांब ढांगांची. मागं काठीचा आवाज येत होता, मग कमी झाला, मग आला नाही.

बांधावर चढल्यावर मी वळून बघितलं. तो बराच मागं राहिला होता, एका उघड्या बाभळीपाशी, काठीवर दोन्ही हात टेकून. उन्हात त्याचं तोंड दिसत नव्हतं. मी वळलेला बघून त्यानं एक हात सोडला आणि हलवला, जा, जा, माझ्यासाठी थांबू नको.

त्याला वाटलं मी त्याच्यासाठी थांबलो आहे. मी थांबलो नव्हतो. वळून बघितलं होतं, तेवढंच.